भिंतीला दोन भोकं पाडू द्या : घरमालकांना एका भाडेकरू आईचं खुलं पत्र

माझ्या शहरातल्या सगळ्या घरमालक काका-काकूंना, दादा-वहिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली नऊ वर्षं पुण्यात भाड्याच्या घरात राहतेय, आत्ताचं हे चौथं घर. चारही घरमालक चांगले मिळाले, खोटं कशाला बोलू, दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येणारे, गीझर बिघडला तर स्वतः प्लंबरला घेऊन येणारे. त्यामुळे हे पत्र कुणाशी भांडायला लिहीत नाहीये. मला तुमच्याकडून फक्त एक परवानगी हवीय, आणि ती नुसती मला नको, ज्यांच्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे अशा तुमच्या प्रत्येक भाडेकरूला हवीय. जड कपाट, ड्रॉवरचं युनिट, टीव्हीचं युनिट, पुस्तकांचा रॅक, या गोष्टी भिंतीला बांधून टाकायला दोन-दोन भोकं पाडायची परवानगी.

आपल्याकडच्या करारात काय लिहिलेलं असतं ते तुम्हाला माहितीच आहे. एजंट घरी येतो, लॅपटॉप उघडतो, अंगठ्याचं मशीन पुढे करतो, आपण सगळे एकेक करून अंगठा देतो, फोटो निघतो, आणि अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स झालं. त्यात कुठेतरी एक ओळ असते की भाडेकरू भिंतींना खिळे ठोकणार नाही, ड्रिल मारणार नाही, काही नुकसान झालं तर डिपॉझिटमधून कापून घेतलं जाईल. ती ओळ कुणी वाचत नाही, पण ती लक्षात मात्र सगळ्यांच्या असते, कारण डिपॉझिट हा आमच्यासारख्यांचा दोन-तीन महिन्यांचा पगार असतो. म्हणून आम्ही कॅलेंडर दाराच्या हँडलला अडकवतो, घड्याळ फ्रिजवर ठेवतो, देवांच्या फोटोंना भिंतीला टेकवून उभं करतो. याचं मला काही वाईट वाटत नाही, घर तुमचं आहे. पण कपाटाचं तसं नाही हो.

माझ्या लेकीला तेव्हा दोन वर्षं चार महिने झाले होते. तिचे कपडे, टॉवेल, डायपर असं सगळं ठेवायला आम्ही चार ड्रॉवरचं उभं युनिट घेतलं, साधारण माझ्या छातीपर्यंत येईल एवढं. फिटिंगला जो मुलगा आला होता त्याने अर्ध्या तासात ते जोडलं आणि मग एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन मला विचारलं, मॅडम हा क्लँप भिंतीला मारायचा का, ड्रिल आहे माझ्याकडे. मी म्हटलं थांब, घरमालकांना फोन करते. केला. काका म्हणाले, ताई नको हो, आत्ताच तर सगळा रंग दिलाय, भोकं पडली की भिंत फुगते, तुम्ही ते भिंतीला नीट चिकटवून ठेवा म्हणजे झालं. मी बरं म्हटलं. त्या मुलाने पिशवी सगळ्यात वरच्या ड्रॉवरमध्ये टाकली, युनिट भिंतीला सरकवलं आणि निघून गेला. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, माझ्या आईच्या घरी पन्नास वर्षं लोखंडी कपाट नुसतं उभं आहे, ते कधी पडलं नाही, हे कसं पडेल.

त्यानंतर दीड महिन्याने, दुपारी, कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी गॅस बंद करायला आत गेले. आवाज मोठा आला नाही, हे मला अजून नवल वाटतं. धप्प असा एक बसका आवाज आला, गादी जमिनीवर टाकल्यासारखा, आणि त्यानंतर काहीच नाही, रडणं नाही, हाक नाही. मी आले तर युनिट पुढे कलंडलेलं, त्याची वरची कड पलंगाच्या कडेवर अडकलेली, आणि पलंग आणि युनिट यांच्या मधल्या त्रिकोणी फटीत माझी लेक उताणी पडलेली, डोळे उघडे, तोंड उघडं, पण आवाज बाहेर पडत नव्हता. मी ते कसं उचललं मला आठवत नाही. तिच्या भुवईवर तीन टाके पडले आणि पाय आठवडाभर सुजलेला होता, बस एवढ्यावर निभावलं. डॉक्टर एवढंच म्हणाले की पलंग तिथे होता म्हणून. पलंग तिथे होता कारण खोली लहान होती, खोली मोठी असती तर पलंग दीड फुटावर नसता, तो समोरच्या भिंतीला असता.

रात्री तिचे कपडे काढायला मी वरचा ड्रॉवर उघडला तर ती पिशवी तशीच होती. एक वाकवलेली लोखंडी पट्टी, दोन स्क्रू, भिंतीतल्या भोकात स्क्रू घट्ट बसायला लागतात त्या दोन पांढऱ्या गिट्ट्या. स्टेपल मारलेली पिशवी उघडलेलीसुद्धा नव्हती. मी ती हातात घेऊन किती वेळ बसले होते कुणास ठाऊक.

काका दुसऱ्या दिवशी सफरचंद घेऊन भेटायला आले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. म्हणाले, ताई मला खरंच माहिती नव्हतं असं होऊ शकतं, नाहीतर मी कशाला नको म्हणालो असतो. आणि मला त्यांचं शंभर टक्के पटलं, कारण मलासुद्धा माहिती नव्हतं. मी आई असून मला माहिती नव्हतं तर त्यांना कुठून असणार. म्हणून तर हे पत्र लिहितेय, की निदान आता तुम्हाला कुणी सांगितलं नाही असं व्हायला नको.

मुलं कपाटावर का चढतात हे ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना सांगायची गरज नाही. वर चार्जिंगला लावलेला मोबाईल असतो, रिमोट असतो, आपण मुद्दाम वर ठेवलेला बिस्किटांचा डबा असतो. आणि ड्रॉवर म्हणजे त्यांना जिनाच वाटतो, खालचा ओढला की पहिली पायरी, त्याच्या वरचा ओढला की दुसरी. त्यात त्यांचा काही दोष नाही, दोन वर्षांचं मूल चढणारच, ते चढायचं वयच आहे. तुम्ही म्हणाल लक्ष ठेवा. ठेवतो हो. पण मी चार पावलांवर स्वयंपाकघरात होते, आणि हे सगळं दोन-तीन सेकंदात होतं, आणि मूल ओरडत नाही. छातीवर वजन आलं की श्वासच घेता येत नाही तर ओरडणार कुठून, याच कारणाने अशा वेळी पलीकडच्या खोलीत असलेल्या माणसाला काही कळत नाही. रात्री किंवा दुपारी मूल झोपलंय असं समजून दार लोटून घेतलं असेल तर मग तर नाहीच.

मी नंतर कागदावर एक हिशोब मांडला, शाळेत तराजूचा शिकलो होतो तसाच साधा, वजन गुणिले अंतर. समजा रिकामं युनिट २४ किलोचं आहे आणि ४० सेंटीमीटर खोल आहे. त्याचं वजन मधोमध धरलं तर पुढच्या कडेपासून २० सेंटीमीटर मागे, म्हणजे त्याला उभं धरून ठेवणारा जोर २४ गुणिले २०, म्हणजे ४८०. त्यात चार ड्रॉवर प्रत्येकी ३ किलोचे. एक ड्रॉवर ३० सेंटीमीटर बाहेर ओढला की ९० कमी झाले, राहिले ३९०. आता १२ किलोचं मूल त्या ड्रॉवरच्या पुढच्या फळीला लोंबकळलं, म्हणजे कडेच्या पुढे ३० सेंटीमीटरवर, तर पाडणारा जोर १२ गुणिले ३०, ३६०. म्हणजे जेमतेम टिकलं. दुसरा ड्रॉवर उघडला की उभं धरणारा जोर राहिला ३००, आणि पाडणारा आहे ३६०. गेलं. चारही उघडे असतील तर फक्त १२० उरतात, मग १२ किलोचं मूल लागतच नाही, पाच किलोचा धक्कासुद्धा पुरतो. हे मांडल्यावर मला कळलं की "जड आहे, पडणार नाही" असं जे आपण म्हणतो ते का चुकीचं आहे. जड असलं तरी ते पडतं, आणि जड असल्यामुळे पडल्यावर जास्त लागतं.

त्यात आपल्या घरांची आणखी एक गोष्ट. भिंतीच्या खाली टाइल्सची स्कर्टिंग असते ना, अर्ध्या-पाऊण इंचाची, त्यामुळे कुठलंही कपाट भिंतीला पूर्ण चिकटत नाही, खाली चिकटतं आणि वर फट राहते, किंवा मग लोक ते पुढूनच थोडं उचलून पाचर मारतात. भिंतीला "नीट चिकटवून" ठेवणं हे म्हणूनच जमत नाही. आणि समजा चिकटलं तरी कपाट पुढे पडतं, मागे नाही, मागच्या भिंतीचा त्याला काय आधार.

लोखंडी कपाटांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ती बऱ्याचदा आमची नसतात, तुमची असतात. सेमी-फर्निश्ड फ्लॅट म्हणून तुम्ही जे देता त्यात एक बेड, एक गॅसची शेगडी आणि एक उभं लोखंडी कपाट असतंच. उंच, अरुंद, एका दाराला आरसा, चार छोटे पाय, फरशी समपातळीत नसेल तर एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. वर दोन मोठ्या बॅगा आणि हिवाळ्याची रजई. दोन्ही दारं सताड उघडली की त्या दारांचं आणि आरशाचं सगळं वजन पुढे येतं, आणि हँडलला लोंबकळायला मुलाच्या हाताच्या उंचीला अगदी बरोबर जागा असते. आईकडचं कपाट पन्नास वर्षं पडलं नाही असं मी वर लिहिलं, पण आईकडच्या कपाटात तळाला पितळेची भांडी भरलेली असायची आणि आम्ही लहान असताना ते कायम कुलूपबंद असायचं, चावी आईच्या कमरेला. आज तसं कुणाकडे राहिलंय का.

टीव्हीचंही तेच. पूर्वीचा डब्बा टीव्ही पुढून जड असायचा, आताचा पातळ आहे म्हणून लोकांना वाटतं हलका आहे, पण ४३ इंची टीव्ही दोन बारीक पायांवर उभा असतो आणि मुलाने पडद्यावरच्या कार्टूनला हात लावायला वरची कड धरली की तो पुढे येतो. भिंतीवर लावता आला असता तर हा प्रश्नच नव्हता, पण भिंतीवर लावायचं तर परत भोकं.

हे फक्त माझ्या एकटीच्या घरात झालं असं तुम्हाला वाटेल म्हणून थोडं बाहेरचं सांगते. अमेरिकेत जून २०१६ मध्ये आयकिया कंपनीने २ कोटी ९० लाख ड्रॉवरची युनिटं परत मागवली होती, लहान मुलांचे जीव गेल्यानंतर. हीच कंपनी आता आपल्याकडे नवी मुंबईत तुर्भ्यालाही आहे, आणि भिंतीला बांधायचा क्लँप तिच्या खोक्यातच येतो. अमेरिकेत ज्यांची मुलं गेली त्या आई-बाबांनी एकत्र येऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथे त्यावर कायदाच झाला. सप्टेंबर २०२३ पासून तिकडे २७ इंच किंवा त्याहून उंच असं कपड्यांचं युनिट विकायचं तर ते भरलेले ड्रॉवर उघडून, खाली गालिचा आहे असं धरून, वर २७ किलोपर्यंतचं मूल चढलंय असं धरून तपासावं लागतं. आपल्याकडेही केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये फर्निचरसाठी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, म्हणजे दर्जा ठरवून देणारा आदेश, काढली, त्यात कपाटं आणि स्टोरेज युनिटं येतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण आपल्या घरात आज जी कपाटं उभी आहेत ती दहा-वीस वर्षांपूर्वीची आहेत, काही कोपऱ्यावरच्या सुताराने प्लायवूडमध्ये करून दिलेली आहेत, काही सेकंडहँड घेतलेली आहेत. त्यांना कुठलं स्टँडर्ड लागू करणार. त्यांच्यासाठी एकच उपाय आहे, भिंतीला बांधणं, आणि भिंत तुमच्या हातात आहे.

आणि आता जी गोष्ट वाचून मी हे पत्र लिहायला बसले ती. माझी मावसबहीण मेलबर्नला असते, तीही भाड्याच्या घरात. माझ्याकडचं झालं तेव्हा फोनवर ती म्हणाली, अगं इकडे तर याचा नियम आहे. मग मी शोधून वाचलं. २०१५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये एका २१ महिन्यांच्या मुलाच्या अंगावर ड्रॉवरचं युनिट पडलं आणि तो गेला. घर भाड्याचं होतं. त्याच्या आईने आधीच विचारलं होतं की फर्निचर भिंतीला बांधू का, आणि तिला नाही म्हटलं गेलं होतं. ते वाक्य वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला. माझ्यात आणि तिच्यात फरक फक्त त्या पलंगाचा आहे.

पण पुढे तिकडे काय झालं ते बघा. २६ ऑक्टोबर २०१९ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात नियम आला, की मुलाच्या किंवा अपंग माणसाच्या सुरक्षिततेसाठी भाडेकरूने फर्निचर भिंतीला बांधायची परवानगी मागितली तर घरमालकाला ती सहजासहजी नाकारता येणार नाही. नाकारायला ठरावीक कारणंच चालतात, म्हणजे भिंतीत ॲस्बेस्टॉस आहे, इमारत हेरिटेज यादीत आहे, अशी. खर्च भाडेकरूचा, आणि जाताना भिंत पूर्ववत करून द्यायची जबाबदारीही भाडेकरूची. मग न्यू साउथ वेल्समध्ये मार्च २०२० पासून असंच झालं. आणि माझ्या बहिणीच्या व्हिक्टोरिया राज्यात तर २९ मार्च २०२१ पासून, उघड्या विटांची किंवा काँक्रीटची भिंत सोडून, फर्निचर बांधायचे अँकर लावायला घरमालकाला विचारावंसुद्धा लागत नाही. तिकडच्या घरमालकांचीही घरं त्यांना प्यारीच असतील ना, तेही कर्ज काढूनच घेतलेली असतील.

आपल्याकडे असा नियम येईल तेव्हा येईल. पण आपल्याकडे नियमाची वाट बघायचीच गरज नाही, कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याचा करार लेखी आणि रजिस्टर्ड करावाच लागतो, म्हणजे दर वेळी कागद नव्याने तयार होतोच. त्या कागदावर काय लिहायचं ते तुम्ही आणि आम्ही मिळून ठरवतो. एक ओळ वाढवायला सरकारची परवानगी लागत नाही.

आता तुमच्या अडचणी. मी त्यांना खोटं म्हणणार नाही, मी त्या तीन-चार घरमालकांशी बोलून समजून घेतल्यात. सगळ्यात मोठी भीती वायरिंगची. कन्सील्ड वायरिंग आहे, ड्रिल वायरला लागला तर अख्ख्या खोलीची लाइट जाईल आणि भिंत फोडावी लागेल. बरोबर आहे. पण वायर साधारण स्विचबोर्डच्या आणि पॉइंटच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत जाते, तेवढा पट्टा सोडायचा, आणि शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवायचं. तुम्हाला तुमच्या घराची वायरिंग आमच्यापेक्षा जास्त माहिती असते, म्हणून तर तुम्ही सांगा की या भिंतीला मारा, त्या भिंतीला नको, आम्ही कपाट त्या भिंतीला हलवू. दुसरी भीती पाण्याची, की बाथरूमच्या मागच्या भिंतीत पाइप आहेत, लीकेज झालं तर खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील. तर त्या भिंतीला अजिबात हात लावायचा नाही, हे आम्हालाही मान्य आहे, टाइल्सच्या भिंतीलाही नको.

मग काही जण म्हणतात आमच्या भिंती तसल्या नाहीत. वाकड-हिंजवडीकडच्या नव्या टॉवरमध्ये मिवानच्या भिंती असतात, पूर्ण काँक्रीट, तिथे साधा ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतो, पण एकदा बसलं की ते हलत नाही. काही ठिकाणी हलके सिमेंटचे ब्लॉक असतात, त्यात छोटी गिट्टी धरत नाही, लांब नायलॉनची लागते, हे कुठल्याही जाणत्या सुताराला माहिती असतं. जुन्या विटांच्या भिंतीत प्लास्टरच्या आत विटेपर्यंत जायला हवं, नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू बसवला तर तो मुलाच्या वजनाने निघून येईल. म्हणजे भिंत कुठलीही असली तरी मार्ग निघतो, फक्त कुणीतरी नीट करायला हवं आणि त्यासाठी आधी हो म्हणायला हवं.

भिंत खराब होते याबद्दल मला एक अनुभव सांगायचाय. त्या घरात काकांनी नको म्हटल्यावर मी स्वतःच्या बुद्धीने टीव्हीच्या युनिटला मागून डबल टेप लावला होता, जाड फोमचा, ज्याच्या पाकिटावर लिहिलं होतं की दहा किलो धरतो. महिन्याभरात तो सुटला आणि सुटताना रंग आणि पुट्टीचा तळहाताएवढा पापुद्रा घेऊन सुटला. टेपने भिंतीचं जेवढं नुकसान झालं तेवढं स्क्रूने झालं नाही. अपघातानंतर काकांनी स्वतः सांगितलं की हवं तिथे मारा, तेव्हा सुताराने ड्रॉवरचं युनिट, त्यांचं लोखंडी कपाट, टीव्ही युनिट आणि पुस्तकांचा रॅक असं सगळं मिळून सव्वा तासात बांधून दिलं, ६०० रुपये घेतले. मुलीच्या टाक्यांचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं, पण ते जाऊ दे. ते घर सोडताना आम्ही आठ भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली, वरून पुट्टीचा हात मारला, उरलेल्या रंगाच्या डब्यातला रंग लावला. काका चावी घ्यायला आले तेव्हा त्यांनी भिंतीवरून हात फिरवून बघितला आणि डिपॉझिट पूर्ण परत दिलं.

सोसायटीच्या कमिटीतल्या लोकांनाही दोन शब्द. ड्रिलची वेळ ठरवलेली असते, दुपारी आणि रविवारी बंद, ते बरोबरच आहे, आजारी माणसं असतात, झोपलेली बाळं असतात. पण भाडेकरू ड्रिल मारतोय म्हटल्यावर वॉचमन वर येऊन मालकाचं लेटर मागतो आणि मालक दुबईला किंवा नाशिकला असतो, मग ते राहून जातं, आणि राहून गेलेलं परत होत नाही. नवीन बिऱ्हाड आलं की तुम्ही पोलीस व्हेरिफिकेशन मागता, गाडीचा नंबर मागता, त्याच फॉर्मवर एक प्रश्न वाढवा, घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे का, आणि असेल तर कपाट बांधायला पहिल्या आठवड्यातला एक तास त्यांना मोकळा द्या.

आणि एजंट दादा, तुम्ही तर सगळ्यात महत्त्वाचे, कारण करार तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. तोच जुना मसुदा नाव-पत्ता बदलून तुम्ही वर्षानुवर्षं वापरता. तुम्ही एकदा त्यात एक ओळ घातली की ती शेकडो घरांत जाईल, एवढं काम माझ्याच्याने या जन्मात होणार नाही.

घरमालक काका-काकू, तुमचं स्वतःचं कपाट जर तुम्ही भाडेकरूला देत असाल तर मात्र परवानगीपेक्षा थोडं जास्त मागतेय. ते तुम्हीच बांधून द्या. गीझर बसवून देता ना, तसं. फ्लॅट रिकामा असतो, रंगाचा माणूस आलेलाच असतो, त्याच दिवशी सुताराला बोलवा, रंगाच्या आधी भोकं पाडा, म्हणजे रंग खराब होण्याचा प्रश्नच येत नाही. कपाटाच्या वरून, मागच्या बाजूला, दोन टोकांना दोन एल पट्ट्या, स्क्रू कपाटाच्या मजबूत भागात, नुसत्या मागच्या पातळ फळीत नको कारण ती फळी स्क्रूसकट निघून येते. लोखंडी कपाटाला पत्र्यात भोक पाडून नट-बोल्ट लावायचा. पुढचा भाडेकरू आजी-आजोबा असले तरी काही बिघडत नाही, सुट्टीत नातवंडं येतातच.

मी माझ्या करारासाठी जी ओळ लिहिली ती अशी आहे, कुणाला हवी असेल तर जशीच्या तशी घ्या :

"घरात लहान मूल असल्यास किंवा येणार असल्यास भाडेकरूला जड फर्निचर आणि टीव्ही मालकाने दाखवलेल्या भिंतीला स्क्रूने बांधता येईल. त्याचा खर्च भाडेकरू करेल आणि घर सोडताना भोकं बुजवून रंग लावून देईल. या भोकांसाठी डिपॉझिटमधून कपात होणार नाही. मालकाने दिलेली कपाटं ताबा देण्यापूर्वी मालक बांधून देईल."

चार वाक्यं आहेत. वकिलाकडून तपासून घ्या, शब्द बदला, पण अर्थ ठेवा.

ज्या आई-बाबांना हे वाचून आज रात्री झोप लागणार नाही त्यांना सांगते, परवानगी मिळेपर्यंत एवढं तरी करा. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये, हलकं वर. कपाटावरच्या बॅगा खाली. रिमोट, मोबाईल, खाऊ, खेळणी, यातलं काहीही उंच फर्निचरवर ठेवू नका, म्हणजे चढायचं कारणच उरणार नाही. ड्रॉवरला लहान मुलांचं लॉक मिळतं ते लावा. आणि मूल ज्या खोलीत एकटं झोपतं तिथून उंच युनिट आजच बाहेर काढा. हे सगळं करूनही बांधायचं राहतंच, हे विसरू नका, फोन करून परत विचारा, दोनदा विचारा, मी एकदाच विचारलं होतं.

माझ्या आत्ताच्या घराचा करार पुढच्या महिन्यात रिन्यू होतोय. वरची चार वाक्यं मी काल एजंटला पाठवलीत आणि आमच्या घरमालक काकूंनाही. काकूंचा आज सकाळी फोन आला, म्हणाल्या की बेडरूममधलं कपाट त्यांच्या लग्नातलं आहे, त्याला भोक पाडायला जीव होत नाही, पण शनिवारी येते, आपण दोघी मिळून बघू कुठून बांधता येतं ते. मी सुताराला शनिवारी अकराची वेळ दिलीय.

आपली नम्र,
एक भाडेकरू आई, कोथरूड, पुणे